वेल्श, एक्समूर, शेटलंड: तट्टासाठी हिवाळी रग निवडताना

ऑक्टोबर सरत आला की ब्रिटनमधल्या घोड्यांच्या सामानाच्या दुकानांत रगांचे ढीग लागतात आणि पहिल्यांदाच तट्टू सांभाळायला घेतलेला माणूस तिथे पुरता गोंधळतो. एकावर ग्रॅम लिहिलेले, दुसऱ्यावर डेनियर, कुठे फूट-इंच तर कुठे सेंटिमीटर. कोणाला मानेचं आवरण आहे, कोणाला नाही. भाव पन्नास-साठ पौंडांपासून सुरू होऊन दोनशेच्या पुढे जातात. मुलीच्या हट्टापायी किंवा स्वतःच्या हौसेने इथे तट्टू घेतलेल्या, वा लोनवर, म्हणजे मालकी दुसऱ्याचीच ठेवून, सांभाळायला आणलेल्या मराठी मंडळींसाठी हा लेख आहे. टर्नआउट रग म्हणजे जनावराला कुरणात मोकळं सोडताना पाठीवर बांधायची पाणी न झिरपणारी झूल. तबेल्यात घालायचे रग वेगळे असतात, पावसात ते भिजून जड होतात, त्यांचा विचार इथे केलेला नाही.

लेख फक्त ब्रिटन-आयर्लंडच्या मूळ जातींपुरता आहे: शेटलंड, एक्समूर, डार्टमूर, न्यू फॉरेस्ट, वेल्श, फेल, डेल्स, हायलंड, एरिस्के आणि कॉनेमारा. तुमच्याकडे थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा सडपातळ, पातळ केसांचा घोडा, असेल तर यातला निम्मा सल्ला तुम्हाला उलटा पडेल.

आधी ठरवा: रग हवाच का?

बहुतेक वेळा नको. दुकानात हे कोणी सांगत नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगतो.

या जाती वाऱ्यापावसाच्या माळरानांवर, डोंगरांवर आणि बेटांवर घडल्या. दिवस लहान होऊ लागले की त्यांच्या अंगावर हिवाळी केस यायला लागतात, थर्मामीटर काय दाखवतो याची ते फारशी वाट पाहत नाहीत. एक्समूरचे केस तर दोन थरांचे असतात. आत मऊ, दाट लोकर आणि वर लांब, तेलकट केस. पावसाचं पाणी वरच्या केसांवरून ओघळून जातं, कातडीपर्यंत पोचत नाही. शेपटीच्या बुडाशी आखूड केसांचा पंखा असतो, त्यावरून पाणी मागच्या मागे निथळतं. भरपावसात उभ्या असलेल्या एक्समूरच्या पाठीवरचे केस बोटांनी बाजूला करून पाहा. वरून चिंब दिसणाऱ्या जनावराची कातडी आत कोरडी आणि गरम लागते. बर्फ पडल्यावर तर पाठीवर पांढरा थर साचतो आणि तसाच राहतो. तो वितळत नाही याचाच अर्थ आतली ऊब बाहेर जात नाही.

आकड्यांत सांगायचं तर, हवामानाला सरावलेल्या निरोगी घोड्याला साधारण 5 ते 25 अंश सेल्सिअसच्या दरम्यान अंगाची ऊब राखायला वेगळे कष्ट पडत नाहीत. दाट केसांच्या, चांगल्या खाल्ल्या-प्यायल्या तट्टाची खालची मर्यादा त्याहूनही खाली जाते. आपली गोष्ट निराळी. पुण्याहून डिसेंबरात आलेली आजी कोट, मफलर, मोजे घालून कुरणाच्या फाटकाशी उभी राहते आणि म्हणते, "अगं, त्याच्या अंगावर काहीतरी घाल गं, कुडकुडतंय बिचारं!" ते कुडकुडत नसतं, ते चरत असतं. आजीला चहा द्यावा.

खरा त्रास होतो तो पाऊस आणि वारा एकत्र आल्यावर. शून्याखालची कोरडी, निवांत रात्र तट्टाला सोपी जाते. चार-पाच अंशांवर दिवसभर झोडपणारा आडवा पाऊस जास्त छळतो, कारण केस भिजून चपटे झाले की त्यांच्यात अडकलेली हवा निघून जाते आणि ऊब धरणारी ती हवाच असते. म्हणून रगच्या आधी आडोसा पाहा. तीन भिंतींची शेड, दगडी बांध, दाट झुडपांचं कुंपण, यातलं काहीही चालतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2006च्या प्राणी कल्याण कायद्याने जनावराला योग्य परिसर देणं ही सांभाळणाऱ्याची जबाबदारी ठरवली आहे. लोनवर आणलेलं तट्टू जितके दिवस तुमच्याकडे आहे तितके दिवस ती जबाबदारी तुमच्यावरही येते.

मग रग कोणाला लागतो? म्हाताऱ्या तट्टाला, विशेषतः दात झिजल्यामुळे गवत नीट चावता येत नसेल आणि अंग उतरत असेल तर. आजारातून उठलेल्याला. रोडावलेल्याला. अंगावरचे केस भादरलेल्याला. उघड्या माळावर कसलाच आडोसा नसलेल्याला. रोज स्वारीसाठी कोरडं हवं असलेल्यालाही लागतो, पण तिथे सोय तुमची असते, तट्टाची नाही. हे स्वतःशी कबूल केलंत की रग आपोआप पातळ निवडला जातो.

हाताने अंग तपासा

हिवाळी केसांत तट्टू नेहमीच गुबगुबीत दिसतं, त्यामुळे डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. बोटं पसरून तळहात बरगड्यांवर फिरवा. बरगड्या दिसू नयेत, पण हलक्या दाबाने हाताला लागायला हव्यात. मग आयाळीखालची मानेची कड चिमटीत धरून बघा. ती टणक असेल आणि बाजूला हलत नसेल तर चरबी साठली आहे. शेवटी पुठ्ठे बघा. मागून पाहिल्यावर मध्ये पन्हळ दिसत असेल तर तट्टू नक्कीच जाड आहे. ब्रिटनमध्ये यासाठी 0 ते 5 अशी गुणांची पट्टी वापरतात, 3च्या आसपास ठीक समजतात. दर पंधरवड्याला तपासून तारखेसकट लिहून ठेवा.

एवढा खटाटोप कशासाठी, तर या जातींचा सगळ्यात मोठा शत्रू थंडी नाही, लठ्ठपणा आहे. उन्हाळ्यात खाऊन साठवायचं आणि हिवाळ्यात ते जाळून ऊब राखायची, अशी त्यांच्या शरीराची रीत आहे. जाड रग घातला की जाळायची गरजच उरत नाही. मार्च-एप्रिलमध्ये साखरेने भरलेलं कोवळं गवत वर येतं तेव्हा तट्टू आधीच फुगलेलं असतं आणि मग लॅमिनायटिस गाठतो. खुराच्या आतल्या ज्या पापुद्र्यांनी हाड आणि खूर एकमेकांना धरून ठेवलेले असतात, त्यांना या रोगात इजा होते. जनावर पाय टेकवायलाही तयार होत नाही आणि कधीकधी त्याला निरोप द्यावा लागतो. हिवाळ्यात निरोगी तट्टू थोडं बारीक झालं तर घाबरायचं कारण नाही, जाड तट्टाच्या बाबतीत तर तेच हवं असतं.

तट्टाला थंडी वाजतेय असं खरंच वाटलं तर आधी सुकं गवत वाढवा. गवतातला चोथा मोठ्या आतड्यात आंबतो आणि त्यातून सतत ऊब निघते. दिवसाला शरीराच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के चारा हा साधारण हिशोब. 250 किलोच्या लहान वेल्शला म्हणजे चार-पाच किलो. अंदाजाने न टाकता गवताची जाळी ताणकाट्यावर टांगून वजन करा, कारण डोळ्यांना पाच किलो वाटणारं गवत पुष्कळदा आठ निघतं.

किती ग्रॅमचा?

रगवर लिहिलेले ग्रॅम म्हणजे रगचं वजन नव्हे. आतल्या भरणाचं दर चौरस मीटरमागचं वजन असतं ते. 0 म्हणजे भरण नाही, नुसता रेनकोट. 50 ते 100 हलका, 200च्या आसपास मध्यम, 300च्या पुढे जाड.

न भादरलेल्या, निरोगी, आडोसा असलेल्या तट्टाला रग घालायचाच झाला तर 0 ग्रॅम, तोही धो-धो पावसात आणि वाऱ्यात. स्वच्छ, कोरड्या थंडीत तो काढूनच ठेवा. थंडीत तट्टू केस उभे करून त्यांच्यात हवा धरतं. वर पातळ रग टाकला की केस दबतात आणि ऊब धरायची ती सोय कमी होते. म्हणजे कोरड्या थंडीत पातळ रग मदतीपेक्षा अडथळाच जास्त करतो, ही गोष्ट नव्याने आलेल्यांच्या लवकर गळी उतरत नाही.

म्हातारं किंवा रोड तट्टू असेल तर 100, फार तर 200, तेही व्हेटशी, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरशी, बोलून. कुशिंग या हार्मोनच्या आजारात केस वेडेवाकडे वाढतात आणि वेळेवर गळत नाहीत, अशा जनावराला कधी थंडी वाजते तर कधी तेच घामाने निथळतं. तिथे कुठलाही तक्ता कामाचा नाही, रोज हात लावून बघावं लागतं.

भादरण्याबद्दल माझं मत ठाम आहे. शनिवार-रविवारी मूल तासभर फेरी मारणार असेल तर पूर्ण अंग भादरू नका. गळ्याखालचे आणि छातीवरचे तेवढे केस काढले की घामाचा प्रश्न बराचसा सुटतो आणि पाठीची, पुठ्ठ्यांची नैसर्गिक झूल शाबूत राहते. अशा तट्टाला 0 किंवा 50 ग्रॅम पुरतो. आधी पूर्ण भादरायचं आणि मग गेलेल्या केसांची भरपाई म्हणून 300 ग्रॅमचा रग आणायचा, या उद्योगात फायदा फक्त दुकानदाराचा.

एकाच पैशात एक जाड रग घ्यावा की दोन पातळ? दोन पातळ. एक ओला झाला तर दुसरा कोरडा हाताशी असतो. काही कंपन्यांच्या बाहेरच्या रगला आतून वेगळी अस्तरं जोडता येतात, म्हाताऱ्या तट्टासाठी ती सोय चांगली. पण अस्तर सहसा त्याच कंपनीचं लागतं, हे घेण्याआधी बघा.

कापड

डेनियर म्हणजे धाग्याची जाडी. 600 डेनियर शांत, एकट्या किंवा म्हाताऱ्या सोबत्याबरोबर राहणाऱ्या तट्टाला पुरतं. कळपात एकमेकांचे रग दातांनी ओढायची सवय असेल तर 1200 किंवा त्याहून वर जा. मात्र नुसत्या आकड्यावर भाळू नका. त्याच डेनियरचं बॅलिस्टिक नायलॉन साध्या पॉलिएस्टरपेक्षा जास्त टिकतं. रिपस्टॉप विणीत बारीक चौकडी असते, फाटलं तरी चीर पुढे पळत नाही. पाठीच्या मधोमध शिवण नसलेला रग घ्या, पाणी पहिल्यांदा तिथूनच झिरपतं. कापडातून आतला घाम बाहेर जायला हवा. नाहीतर जनावर पावसाने नाही तर स्वतःच्या वाफेने भिजतं आणि ओल्या, गरम कातडीवर रेन स्काल्ड नावाचे खपले धरतात.

वापरलेले रग स्वस्तात मिळतात, त्यात वावगं काही नाही. घेताना पाठीच्या भागावर तांब्याभर पाणी ओतून थोडा वेळ थांबा आणि आतून हात लावा. पट्टे ओढून बघा. बुरशीचा वास आला तर परत ठेवा.

माप: इथे घाई नको

दमट, गारठलेल्या सकाळी पट्टी धरून उभं राहायचा कंटाळा येतो आणि लोक उंचीवरून रग मागवतात. बारा हातांचं तट्टू म्हणजे पाच फुटी रग, असा ढोबळ हिशोब आहेही. एक हात म्हणजे चार इंच. पण एकाच उंचीची वेल्श सेक्शन ए (वेल्शमधला सगळ्यात लहान प्रकार) आणि लठ्ठ शेटलंड संकर शेजारी उभे केले तर दोघांच्या छातीत फार फरक निघतो.

तट्टू सपाट जागी चारही पायांवर सरळ उभं करा. शिंप्याची लवचीक पट्टी छातीच्या मध्यावर धरा, खांद्याच्या सगळ्यात पुढे आलेल्या भागावरून आडवी न्या आणि पुठ्ठ्याच्या मागच्या टोकाशी थांबा. पट्टी जमिनीला समांतर हवी, पोटाकडे घसरू द्यायची नाही. यायचं ते माप इंचांत. 60 इंच आले तर पाच फुटी रग. ब्रिटिश मापं तीन-तीन इंचांनी वाढतात. माप दोन्हींच्या मध्ये आलं तर धिप्पाड तट्टासाठी मोठं घ्या. युरोपातल्या रगवर सेंटिमीटर लिहिलेले असतात, पण ते फक्त पाठीचं माप असतं, छातीपासूनचं नाही. म्हणून पाच फूट सहा इंचांच्या रगवर साधारण 125 दिसतं. नुसतं इंचांचं सेंटिमीटर करून मागवलंत तर घरी भलतंच येईल.

मूळ जातींची अडचण लांबीत नसते, रुंदीत असते. छाती रुंद, पाठ आखूड, पोट गोल, मान जाड आणि खांद्यांच्या मधला पाठीचा उंचवटा जवळपास सपाट. बाजारातले बरेच रग लांब, सडपातळ घोड्यांच्या बेताने कापलेले असतात. ते मागे सरकतात आणि समोरून छाती-खांदे आवळतात. कॉबसाठी (म्हणजे आडव्या बांध्याच्या, दणकट घोड्यासाठी) किंवा रुंद छातीसाठी म्हणून विकले जाणारे रग बघा. खांद्याजवळ चुण्या किंवा जोडपट्टी हवी, म्हणजे पाय पुढे टाकायला जागा मिळते.

मानेचं आवरण या तट्टांना जवळजवळ कधीच लागत नाही. निसर्गाने भरघोस आयाळ दिलेली असते आणि आवरणाखाली ती घासून तुटते. पुढे माउंटन अँड मूरलँड, म्हणजे याच मूळ जातींच्या, वर्गांच्या शोमध्ये उतरायचा विचार असेल तर हे फार मनावर घ्या. तिथे आयाळ-शेपूट नैसर्गिक, न कापलेली बघतात आणि घासलेल्या टकलाला काही उपाय नसतो.

अंगावर चढवून बघा

नवा रग आला की आधी तट्टाच्या पाठीवर स्वच्छ जुनी चादर टाका आणि त्यावर रग घाला. केस आणि चिखल लागला तर दुकान परत घेत नाही.

रग दुमडून, हव्या त्या जागेच्या थोडा पुढे ठेवा आणि केसांच्या दिशेने मागे सरकवा. मागून पुढे कधीच ओढू नका, खाली केस उलटे होऊन टोचत राहतात. आधी छातीची बकलं, मग पोटाखालचे एकमेकांना छेदणारे दोन पट्टे, शेवटी मागच्या पायांचे पट्टे. काढताना बरोबर उलट, पायांचे पट्टे पहिल्यांदा. पायांचे पट्टे एकमेकांत गुंतवून लावायचे, म्हणजे ते मांड्यांना घासत नाहीत. त्यांच्या हुकांची उघडी बाजू आतल्या अंगाला ठेवा, नाहीतर कुंपणाच्या तारेत अडकायची भीती. पोट आणि पट्टा यांच्यात तळहाताच्या रुंदीइतकी मोकळीक हवी, मांडीशीही तेवढीच. सैल लोंबणाऱ्या पट्ट्यात खूर अडकला तर तट्टू पळत सुटतं आणि मग काय होईल ते सांगता येत नाही.

आता उंचवट्यापाशी रगखाली सपाट हात घाला आणि खांद्यावरून खाली छातीपर्यंत सरकवा. हात कुठेही चिमटला जाता कामा नये. मग जमिनीवर गवताची मूठ टाका आणि हात तिथेच ठेवा. तट्टू डोकं खाली घालतं तेव्हा रग छातीवर ताणला जातो. उभं असताना छान बसलेले कितीतरी रग इथे नापास होतात आणि तट्टाचे दिवसाचे बहुतेक तास तर डोकं खाली घालूनच जातात. रगची मागची कड शेपटीच्या बुडाशी संपावी, त्यापुढे लोंबू नये. खालची कड कोपर आणि पोट झाकणारी, त्याहून फार खाली नको.

रोजचं काम

रग घातला म्हणजे पाहणी टळली असं नाही, उलट वाढली. दिवसातून एकदा तो पूर्ण काढा. खांदे, छाती आणि पाठीचा उंचवटा इथे केस उडालेत का, कातडी लाल झालीय का ते बघा. कान गार लागले म्हणून थंडी वाजते असं समजू नका. कोपराच्या मागे रगखाली हात घाला. तिथे कोरडं आणि कोमट असेल तर ठीक. दमट किंवा चिकट लागलं तर रग लगेच काढा. थरथर, पाठ कमानदार, शेपूट मागे आवळलेली आणि खाण्यात लक्ष नाही, ही थंडीची खरी लक्षणं.

पहाटे 2 अंश आणि दुपारी उन्हात 12, असे दिवस फेब्रुवारीत भरपूर येतात. पहाटेच्या आकड्यावर रग ठरवला तर दुपारी तट्टू उकडून निघतं. तुम्ही ऑफिसात असाल तेव्हा रग कोण काढणार, याचं उत्तर नसेल तर रग न घालणं बरं. लिव्हरी यार्डवर, म्हणजे पैसे देऊन घोडे ठेवायच्या जागी, तट्टू ठेवलं असेल तर तबेल्याच्या दारावर कागद लावा: कोरडं असेल तर काही नाही, जोराचा पाऊस आणि वारा असेल तर 0 ग्रॅम. नाहीतर शेजारच्या भादरलेल्या घोड्याला रग चढवताना कोणीतरी दयाळूपणे तुमच्या तट्टालाही चढवतं. लोनच्या तट्टाबाबत रग कोणाचा, फाटला तर खर्च कोणाचा आणि घालायचा की नाही हे कोण ठरवणार, हे करारात लिहून घ्या.

रग नसलेल्या तट्टाला हिवाळ्यात रोज खसाखसा खरारा करू नका. केसांतलं तेलच पाणी अडवतं, ते काढून टाकायचं नाही. खूर साफ करा, डोळे पुसा आणि स्वारी असेल तर खोगीर व पट्टे येतात तिथला वाळलेला चिखल झाडा, एवढं पुरे. रग घालायचा असेल तर मात्र त्याखाली चिखल राहू देऊ नका, सॅंडपेपरसारखा घासतो.

मार्चमध्ये केस गळायला लागले की रगखाली खाज सुटते आणि तट्टू कुंपणाला अंग घासून रग फाडतं. त्याआधीच तो कायमचा काढा. वाळलेला चिखल ब्रशने झाडून गार पाण्याने धुवा. घरातली कपडे धुण्याची पावडर वापरू नका, तिने पाणी अडवणारा थर जातो. जलरोधक कपड्यांसाठीचा साबण मिळतो, तो वापरा, वर पाणी रोखणारा द्राव पुन्हा द्या आणि पूर्ण वाळवून उंदरांपासून लांब टांगा. घरच्या वॉशिंग मशीनमध्ये ओला रग कोंबायचा मोह आवरा. रग धुऊन, शिवून देणारे लोक बहुतेक भागांत असतात. त्यांच्याकडे एप्रिल-मेमध्येच द्या, सप्टेंबर उलटला की सगळ्यांना एकदमच आठवण होते.